आजाराचं नाव नको, अडचण सांगा

गेल्या अंकात कॉलेज प्रवेशाबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट परत परत दिसली. बऱ्याच मुलांना असा काहीतरी त्रास आहे जो बघून कळत नाही. डिस्लेक्सिया, शुगर, फिट्स, मनाचे आजार. व्हीलचेअर असली की निदान रॅम्प कुठाय असं कोणीतरी विचारतं, इथे मात्र 'चांगली धडधाकट दिसतेस की, तुला काय झालंय' एवढंच ऐकायला मिळतं आणि मग मूल गप्प बसतं. म्हणून या वेळची सगळी जागा या पत्रांना दिलीय, आधी पत्र आणि खाली माझं उत्तर. नावं कुणाचीच छापली नाहीत, गाव पण तालुक्यापुरतंच ठेवलंय.

ताई, मी सत्तरी तालुक्यातली, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश, आणि तेव्हापासून मी वाचनात मागेच. सगळे म्हणायचे मराठीतून आली ना, होईल सवय. अजून झाली नाही. मैत्रिणींची तीन पानं होतात तेव्हा माझं एक होतं, ओळ सुटते, लिहिताना अक्षरं मागेपुढे होतात. तोंडी विचारलं तर सगळं येतं पण आयएसएमध्ये, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेत, मार्क जातात. आता एक मॅडम म्हणाल्या तुला डिस्लेक्सिया असेल. एवढ्या उशिरा कळतं का असं? आणि कळून आता उपयोग काय?

कळतं गो बाय, आणि उपयोग खूप आहे.

आपल्याकडे गोव्यात हे असं लपून राहायला एक जागाच तयार आहे. पाचवीत माध्यम बदलतं, सगळ्याच मुलांची गाडी थोडी अडखळते, मग ज्याची त्यातून बाहेर येत नाही त्याच्याकडे वेगळं लक्षच जात नाही, माध्यमामुळे म्हणून सोडून देतात. तू एक गोष्ट आठवून बघ. तिसरी-चौथीत मराठी धडा मोठ्याने वाचायचा असायचा तेव्हा कसं व्हायचं? आज मराठी पेपर हातात घेतलास तर कसं होतं? जर मराठीतही तू अशीच हळू असशील, जोडाक्षरांना अडत असशील, तर हा इंग्लिशचा प्रश्न नाही. डिस्लेक्सियात अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडणी मेंदूत सहज होत नाही, हुशारीशी त्याचा संबंध नसतो, आणि तोंडी सगळं येतं पण कागदावर उतरत नाही हे तू लिहिलंस ते अशा बऱ्याच मुलांचं असतं. शाळेत पाठांतरावर, आईने वाचून दाखवलेल्यावर निभावून जातं, कॉलेजात वाचायचं एकदम वाढलं की मग उघडं पडतं.

आता करायचं काय ते सांगते. पण मॅडमनी म्हटलं म्हणजे निदान झालं असं धरू नकोस. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा तिथल्याच मानसोपचार संस्थेत, आयपीएचबीत, ओपीडीला जा आणि लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करायचीय असं स्पष्ट सांग, नुसतं 'अभ्यास होत नाही' म्हणू नकोस. जुन्या मार्कशीट, शाळेच्या दोन-तीन वह्या, आत्ताचे आयएसएचे पेपर सोबत ने. एका दिवसात होईलच असं नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या टेस्टला वेळ लागतो, म्हणून परीक्षा तोंडावर यायची वाट बघू नकोस, याच महिन्यात जा.

निदान झालंच तर कायदा तुझ्या बाजूने आहे. १९९५च्या अपंगांच्या कायद्यात फक्त ७ प्रकार होते, त्यात डिस्लेक्सिया नव्हता. २०१६चा दिव्यांगजन हक्क कायदा आला त्यात २१ प्रकार झाले आणि 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' त्यात आली, म्हणजे डिस्लेक्सिया, लिहिण्यातला डिसग्राफिया, गणितातला डिसकॅल्क्युलिया हे सगळं. सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. लोक तुला ४० टक्के अपंगत्वाच्या अटीचं सांगून घाबरवतील. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतल्या ५ टक्के राखीव जागांसाठी ४० टक्के लागतात हे खरं, पण परीक्षेत लेखनिक, म्हणजे आपण सांगू ते लिहून देणारा माणूस, मिळायला ४० टक्के हवेतच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ फेब्रुवारी २०२१ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात सांगितलंय. त्या मुलाला लिहिताना हात अडायचा, रायटर्स क्रॅम्प, आणि टक्केवारीत बसत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. हा निकाल लक्षात ठेव, ऑफिसात उपयोगी पडतो.

मागायचं काय? सरसकट लेखनिक मागू नकोस असं माझं मत आहे. दुसऱ्याला सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे, सराव नसेल तर उलट गोंधळ होतो. तुला सगळं येतं आणि फक्त वेळ लागतो असं असेल तर आधी जादा वेळ माग. लेखनिकासाठी केंद्राच्या ज्या मार्गदर्शक सूचना आहेत त्यात तासाला किमान २० मिनिटं धरलीत, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास, तेच माप घेऊन बोल. मग प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात, आणि भाषेचा पेपर नसेल तिथे स्पेलिंगचे मार्क कापू नयेत एवढं. अर्जात असं लिही: 'मला लिखित मजकूर वाचायला आणि लिहायला जास्त वेळ लागतो, तज्ज्ञांचा रिपोर्ट जोडला आहे, आयएसए आणि सेमिस्टर परीक्षेत पुढील सोय मिळावी.' बस. लहानपणापासूनची कहाणी लिहायची गरज नाही. प्रिन्सिपलच्या नावाने दे, ऑफिसात इनवर्ड करून तुझ्या कॉपीवर शिक्का घे, तोंडी सांगितलेलं पुढच्या सेमिस्टरला कोणाला आठवत नाही.

आणि कागद व्हायच्या आधी आजपासूनच करता येईल असं पण आहे. अँड्रॉइड फोनमध्ये सिलेक्ट टू स्पीक चालू कर, तो स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, वर्डमध्ये इमर्सिव्ह रीडर आहे त्यात ओळी सुट्या करून एकेक ओळ बघता येते, व्हॉइस टायपिंग मराठीतही होतं. सुगम्य पुस्तकालय म्हणून सरकारची ऑनलाइन लायब्ररी २०१६पासून आहे, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी, ती फक्त अंधांसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं पण डिस्लेक्सिया असलेल्यांनाही मेंबर होता येतं. बस गावात पोचेपर्यंत कानात धडा ऐकलास तरी रोजचा केवढा तरी अभ्यास होईल.

मला टाइप वन डायबेटिस आहे, मी पेडण्याहून म्हापशाला कॉलेजला जातो. मागच्या परीक्षेत सुपरवायझरने माझा पाउच बाहेर ठेवायला लावला, त्यात ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज होतं. दुसऱ्या तासाला हात कापायला लागले, घाम आला, मी काही बोललो नाही, काय लिहिलं मलाच माहीत नाही. घरी म्हणतात कोणाला सांगू नको, उगाच नाव होतं.

हे वाचून फार वाईट वाटलं आणि काळजी पण वाटली. तुझी शुगर तेव्हा पडली होती असंच दिसतं, ७०च्या खाली गेली की आधी हात कापतात, घाम येतो, मग डोकं चालेनासं होतं, कारण मेंदूला लागते ती साखरच, आणि तसंच पुढे चालू राहिलं तर माणूस बेशुद्ध होतो. पेपर गेला तर परत देता येतो रे. पुढच्या वेळी असं झालं तर पेन खाली ठेव, हात वर कर, 'शुगर लो झालीय, साखर पाहिजे' एवढं मोठ्याने बोल. साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी परत तपासायचं, हे तुला माहीत असणार, पण वर्गातल्या बाकीच्यांना माहीत नाही.

डायबेटिस त्या २१च्या यादीत नाही, त्यामुळे यूडीआयडी कार्डाच्या मागे लागू नकोस, त्यातून काही निघणार नाही. पण पाउच जवळ ठेवायला कार्ड लागतच नाही. सीबीएसई दहावी-बारावीच्या बोर्डाला डायबेटिस असलेल्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी आत नेऊ देते, जेईईलाही चालतं. एवढ्या कडक परीक्षांत चालतं तर कॉलेजात का नाही, हा प्रश्न एक्झामिनेशन कमिटीला डॉक्टरच्या चिठ्ठीसकट लेखी विचार. चिठ्ठीत चार गोष्टी असू देत: पारदर्शक पिशवीत मीटर आणि ग्लुकोज जवळ, पाण्याची बाटली, गरज पडली तर टॉयलेट, आणि शुगर पडली तर तेवढा वेळ वाढवून मिळणं. दंडाला शुगर मोजणारा सेन्सर लावत असशील आणि तो फोनवर दिसत असेल तर ते आधीच ठरवून घे, कारण फोन आत नेऊ देणार नाहीत, त्याचा वेगळा रीडर मिळतो तो चालेल का विचार.

घरच्यांची भीती मला समजते, पण निदान एक मित्र आणि एक शिक्षक यांना सांगच. बस चुकली, जेवण उशिरा झालं आणि तू कॉलेजच्या गेटवरच पडलास तर काय करायचं हे कोणाला तरी माहीत पाहिजे ना.

माझी मुलगी युनिव्हर्सिटीत एमएससी करते. दोन वर्षांमागे तिला बायपोलर हा मनाचा आजार असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. एक सेमिस्टर बुडालं. आता गोळ्या चालू आहेत, बरी आहे. पण सकाळी उठवत नाही, हात थरथरतात म्हणून प्रॅक्टिकलला त्रास होतो. डिपार्टमेंटमध्ये सांगावं का? आम्ही फोंड्याला राहतो, सगळे ओळखीचे, उद्या लग्नाचं बघायचं तर हे बाहेर पडलेलं परवडणार नाही.

ताई, पहिलं म्हणजे मुलगी बरी आहे, गोळ्या घेतेय, शिकतेय, हे तुम्ही घरच्यांनी किती सांभाळलं असेल याची मला कल्पना आहे.

आता सांगायचं का. आजाराचं नाव सांगायची काही सक्ती नाही. डिपार्टमेंटला माहीत असायला हवी ती अडचण. 'एका वैद्यकीय कारणासाठी औषधं चालू आहेत, त्यामुळे सकाळी ग्लानी असते आणि हाताला कंप असतो, तरी प्रॅक्टिकलची दुपारची बॅच मिळावी, नाजूक मोजमापाला जादा वेळ मिळावा.' डॉक्टरही चिठ्ठीत एवढंच लिहू शकतात, तुम्ही त्यांना तसं सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आहे, त्यात कलम २३मध्ये रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे, डॉक्टरने किंवा हॉस्पिटलने ती कॉलेजला परस्पर द्यायची नाही. कॉलेजमध्येही ज्याच्या सहीने सोय होणार त्याच एका माणसाकडे कागद असावा, स्टाफरूममध्ये फिरू नये, हे तुम्ही अर्जात लिहून मागू शकता.

हात थरथरणं हे लिथियमच्या गोळ्या चालू असताना पुष्कळ जणांना होतं, तहान पण लागते आणि पाणी कमी पडलं तर लिथियम अंगात साचून त्रास होतो, म्हणून लॅबमध्ये ती पाण्याला बाहेर जाऊ शकते का ते बघा. कुठली गोळी आहे हे तुम्ही लिहिलं नाही, पण सकाळची ग्लानी आणि कंप दोन्ही डॉक्टरला सांगा, वेळ किंवा डोस बदलून बराच फरक पडतो. स्वतःहून कमी मात्र करू नका, परीक्षा जवळ आली की गोळीने झोप येते म्हणून मुलं हेच करतात आणि तिथूनच आजार परत सुरू होतो. जागरण पण तसंच, बायपोलरमध्ये रात्रभर जागून अभ्यास करणं म्हणजे आजाराला बोलावणं, तेव्हा अभ्यासाचं वेळापत्रक झोप धरूनच आखायला हवं.

बुडालेल्या सेमिस्टरचं मनाला लावून घेऊ नका. २०२१च्या नियमांपासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, मिळवलेले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं धरले जातात. मधे थांबावं लागलं तर आधीचं वाया जात नाही, फक्त थांबताना अर्ज करून थांबायचं, नुसतं जायचं बंद करायचं नाही.

लग्नाचं विचारलंत म्हणून बोलते. आज ती शिकतेय, आणि लग्नाच्या भीतीने तिला मिळू शकणारी मदत अडवून ठेवली तर त्याची किंमत तिलाच द्यावी लागणार आहे. मुख्य म्हणजे कोणाला काय सांगायचं हे तिला ठरवू द्या, ती सज्ञान आहे. तुम्हालाही कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि तो घरच्यांसाठीही आहे.

मी सासष्टीतल्या एका कॉलेजात शिकवतो. मला सहानुभूती आहे, पण एकाला सवलत दिली की चार जण येतात, कोण खरं कोण खोटं कसं ओळखायचं? आणि बाकीच्या मुलांवर हा अन्याय नाही का?

सर, तुम्ही मनातलं विचारलंत हे बरं केलंत, बरेच जण विचारत नाहीत आणि नुसतं नाही म्हणून मोकळे होतात.

खरंखोटं ओळखणं हे तुमचं काम नाहीच, ते डॉक्टरचं आणि कॉलेजच्या इक्वल ऑपॉर्च्युनिटी सेलचं, म्हणजे अशा सोयी बघणाऱ्या विभागाचं. मुलाने एकदा कागद दिला, सेलने एक पत्र काढलं, ते सगळ्या विषयांच्या शिक्षकांना लागू, असं कॉलेजात ठरवून घ्या. आत्ता होतं काय की सहा विषय असले तर मूल सहा शिक्षकांसमोर सहा वेळा आपलं दुखणं उघडं करतं, दर सेमिस्टरला परत. त्यातच त्याची अर्धी ताकद जाते. कोणी एखादा खोटं बोलेलही, मी नाही म्हणत नाही, पण त्याच्यासाठी खऱ्या मुलांना दारात उभं ठेवायचं हे मला कुठल्याच हिशोबात बसत नाही. माझा अनुभव उलट आहे, खोटं बोलून मागणारे थोडे, आणि गरज असून लाजेने न मागणारे कितीतरी.

अन्यायाचं म्हणाल तर पेपर काय तपासतोय हे आधी बघा. अर्थशास्त्राच्या पेपरात तुम्हाला मुलाचं अर्थशास्त्र बघायचंय की तो मिनिटाला किती शब्द वाचतो ते? वाचायचा वेग तपासायचाच नसेल तर त्यासाठी जादा वेळ दिल्याने कोणाचं काही जात नाही. उत्तर त्यालाच लिहायचंय, मार्क तुम्हीच देणार. जिथे वेग किंवा हाताचं कौशल्य हाच विषयाचा गाभा आहे तिथे वेगळा विचार करा, पण तो मुलाला बसवून करा, परस्पर नको. आणि हा मेहेरबानीचा मामला नाही, २०१६च्या कायद्याचं कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांना लागू आहे, गरजेप्रमाणे सोय करणं त्यातच लिहिलंय. आपल्याकडे दिव्यांगजन आयोग आहे, तिथे तक्रार करता येते, पण तिथवर जायची वेळ मुलावर का यावी.

तुम्हाला एकट्यालाही बरंच करता येईल, परवानगी न घेता. पीपीटी आदल्या दिवशी टाका. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, एका कानाने कमी ऐकणारं मूल तुमच्या ओठांवरून अर्धं समजून घेतं, पावसात आवाज वाढला की तेवढंच हातात राहतं. फळ्याचा फोटो काढू द्या. आयएसएच्या तारखा सेमिस्टरच्या सुरुवातीला लेखी द्या आणि गणेश चवथीच्या सुट्टीनंतर अचानक बदलू नका, कारण एडीएचडी (लक्ष टिकत नाही तो त्रास) किंवा अँक्झायटी असलेल्या मुलाचं सगळं गणित त्या एका बदलाने कोसळतं. एका आयएसएला लेखीऐवजी तोंडी किंवा प्रोजेक्टचा पर्याय ठेवा. हे सगळ्यांनाच दिलंत की कोणाला वेगळं मागावंच लागत नाही, आणि चार जण येतात ही तुमची तक्रार पण आपोआप कमी होते. हजेरीचं तेवढं सेलकडून लेखी घ्या, वारंवार ॲडमिट व्हावं लागणाऱ्या मुलाला ७५ टक्क्यांवर अडवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. 'सवलतीवाले हात वर करा' असं वर्गात कधीही विचारू नका. पणजीत २०२३पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव सुरू झाला, किती छान वाटतं तिथे, पण त्याच मुलांना कॉलेजात असं सगळ्यांसमोर उभं केलं तर तो सगळा उत्साह कुठे गेला असं होतं.

ताळगांव पठारावर हॉस्टेलमध्ये राहते. माझ्या रूममेटला फिट येते, तिने फक्त मला सांगितलंय. आली तर मी काय करू? कांदा जवळ ठेवू का?

कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा पण नको, दात तुटतात नाहीतर श्वास अडकतो. घड्याळ बघ. आजूबाजूचं टेबल-खुर्ची बाजूला कर, डोक्याखाली काहीतरी मऊ घाल, हातपाय धरून दाबू नकोस. झटके थांबले की कुशीवर वळव म्हणजे लाळ बाहेर येईल. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी-बिणी देऊ नकोस, जवळ बस, कुठे आहोत, काय झालं ते शांतपणे सांग. ५ मिनिटांच्या वर चाललं, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, किंवा डोक्याला लागलं, तर लगेच १०८.

आणि हे आजच तिच्याशी बोलून घे: वॉर्डनला कळवायचं का, घरचा कुठला नंबर लावायचा, गोळ्या कुठे असतात. झोप कमी झाली की फिट यायचा धोका वाढतो, म्हणून परीक्षेच्या दिवसांत रूममधला लाइट किती वाजता बंद करायचा ते पण दोघींनी ठरवा. दाराची आतली कडी रात्री लावायची नाही, आणि ती बाथरूमला गेली तर तिथली पण नाही, बाहेर 'आत आहे' अशी पाटी अडकवली तरी काम होतं.